पंतप्रधानपदाचे दावेदार तोलायचे, तर वाचनालयाच्या फळ्यावर कोणते रकाने हवेत?

पांदणवाट
यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, सहा बाय चार फुटांचा काळा फळा आहे. पुढच्या लोकसभेआधी त्यावर पंतप्रधानपदाच्या दावेदारांचा तक्ता मांडायचं चाललं आहे. सध्याचा आराखडा असा : वर चार-पाच नावं. डावीकडे दहा मुद्दे, म्हणजे शिक्षण, संसदेतली हजेरी, भाषण, गुन्हे, संपत्ती, कारभाराचा अनुभव, परराष्ट्र धोरण, शेती, विदर्भाबद्दलची भूमिका, घराणं. प्रत्येकाला दहापैकी गुण, खाली बेरीज.

अडचण अशी की गुण देणाऱ्याला जो आवडतो त्याचीच बेरीज जास्त निघते. म्हणजे तक्त्यातच कुठंतरी खोट आहे. गुण द्यावेत की नाही? हजेरीचे आकडे कुठं मिळतात? शेतीला किती वजन द्यावं? आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असं काही लावलं तर आचारसंहितेत अडकतं का? मत कोणाला द्यावं हे मात्र कृपया सांगू नका, त्यासाठी गावात पानटपरी आहे.

वर्धाकाठ
आधी मथळ्यापासून सुरुवात करा. राळेगावच्या मतदान यंत्रावर बहुधा यातलं एकही नाव येणार नाही. तिथं यवतमाळ-वाशीम मतदारसंघाचे उमेदवार असतील. शेजारच्या तालुक्यांनी तुमचा फळा उतरवून घ्यायचं म्हटलं तर हेही सांगा की तुमच्याच जिल्ह्यातले वणी आणि आर्णी लोकसभेला चंद्रपुरात जातात आणि उमरखेड हिंगोलीत. एका जिल्ह्याला तीन खासदार.

पंतप्रधानाची नेमणूक अनुच्छेद ७५ प्रमाणे राष्ट्रपती करतात. ५४३ पैकी २७२ ज्याच्या मागे उभे, त्याची खुर्ची. तो त्या दिवशी कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसला तरी चालतं, निवडून यायला सहा महिने मिळतात. याचं उदाहरण आपल्या दारातलं आहे. नरसिंह राव १९८४ आणि १९८९ ला रामटेकमधून लोकसभेत गेले. १९९१ ला ते उभेच राहिले नाहीत आणि त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधान झाले. नंद्यालची पोटनिवडणूक त्यानंतरची. १९९६ ला देवेगौडा झाले तेव्हा त्यांच्या जनता दलाच्या जागा होत्या ४६. २००४ ला मनमोहन सिंग यांच्या नावावर कोणी मतं मागितली नव्हती. या तिन्ही वेळी मतदानाआधी तुमचा फळा लावला असता तर जो झाला त्याचं नाव त्यावर नसतं.

म्हणून प्रत्येक नावाखाली दोन आकडे टाका : त्याचा पक्ष किती जागा लढवतो आणि गेल्या वेळी किती जिंकल्या. २०२४ ला भाजपने ४४१ लढवून २४० जिंकल्या, काँग्रेसने ३२८ लढवून ९९. सरकार बसलं ते २९३ च्या आघाडीवर, त्यात तेलुगू देसमचे १६ आणि जनता दल (संयुक्त) चे १२. ज्याच्या हातात स्वतःचे २७२ नाहीत त्याचा शब्द मित्रपक्षांच्या शब्दाएवढाच पक्का असतो, मग सभेत तो काहीही बोलो. लढवलेल्या जागांचा आकडा शेवटच्या टप्प्याची माघार झाल्याशिवाय पक्का होत नाही आणि तोवर विदर्भाचं मतदान आटोपलेलं असतं. तो रकाना खडूनेच भरा, रंगाने नको.

ठेसाभाकर
काहून इतकी मगजमारी राजेहो? आपला खासदार बरा निवडा, वरचं वरचे पाहून घेतील.

वर्धाकाठ
भाऊ, खासदार पाहायचाच आहे. पण १९८५ पासून संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी आहे. पक्षादेश निघाला की खासदाराने त्याविरुद्ध मत दिलं किंवा तो गैरहजर राहिला, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्याचा चांगुलपणा प्रश्नोत्तराच्या तासाला, शून्य प्रहरात आणि वर्षाच्या ५ कोटींच्या खासदार निधीत कामी येतो. कापसाच्या आयात शुल्काला तर मतदानसुद्धा लागत नाही, अर्थ मंत्रालयाची एक अधिसूचना पुरते.

पऱ्हाटी
शेतीला दहापैकी किती, हा प्रश्नच मला पटत नाही. ‘शेती’ म्हणून काही मोजता येत नाही, मोजता येतो तो एखादा निर्णय. शेती आणि पाणी राज्य सूचीत आहेत. कृषी पंपाचं बिल, पीक पंचनामा, धानाचा बोनस यांसाठी दिल्लीच्या दावेदाराला गुण देणं-कापणं म्हणजे जावयाचा राग व्याह्यावर. दिल्लीच्या हातात आहे ते : आयात-निर्यात शुल्क, हमीभाव, सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) आणि नाफेडची खरेदी, रासायनिक खताचं अनुदान, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग. वेगळ्या विदर्भाचा प्रश्नही दिल्लीचाच आहे, कारण अनुच्छेद ३ प्रमाणे नवीन राज्य संसद साध्या बहुमताने करते, विधानसभेचं फक्त मत घेतलं जातं. १९५५ ला फाजल अली आयोगाने शिफारस करूनही ते झालं नाही. तेव्हा ‘विदर्भाबद्दलची भूमिका’ हा रकाना ठेवायचा असेल तर त्यात ‘विधेयक आणणार, होय की नाही’ एवढंच लिहा.

आता निर्णय मोजायचा कसा? त्यापुढे तारीख लिहायची आणि तारखेपुढे शेतात त्या वेळी काय होतं ते. कापसाचंच घ्या. फेब्रुवारी २०२१ पासून कापसावर एकूण ११ टक्के आयात शुल्क होतं. ते दोनदा शून्य झालं. पहिल्यांदा १४ एप्रिल २०२२ पासून, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ ऑक्टोबरपर्यंत. एप्रिलमध्ये बहुतेकांच्या घरातला कापूस विकून झालेला असतो आणि त्या वर्षी भावही क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, त्यामुळे शुल्क गेल्याचा चटका साठा धरून बसलेल्यांनाच. दुसऱ्यांदा १९ ऑगस्ट २०२५ पासून, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत. सीतादही (वेचणी सुरू करतानाची शेतातली पूजा) व्हायच्या आधीच शुल्क उठलं आणि पहिली-दुसरी वेचणी बाजारात जाईपर्यंत उठलेलंच राहिलं. सूतगिरण्यांची बाजूही खरी आहे, अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं होतं आणि कापड उद्योग अडचणीत होता. पण फळ्यावर ‘शुल्क माफ केलं’ एवढंच लिहिलं तर २०२२ आणि २०२५ सारखेच दिसतात. तारीख लिहिली की फरक दिसतो.

हे एकाच पक्षाचं आहे असं कोणी समजू नये. ५ मार्च २०१२ ला संपुआ सरकारच्या वाणिज्य खात्याने कापूस निर्यात बंद केली. मित्रपक्ष राष्ट्रवादीचे कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विचारलंच नाही म्हणून जाहीर तक्रार केली, गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनीही विरोध केला आणि आठवडाभरात बंदी मागे गेली. वर्धाकाठ म्हणतात ते मित्रपक्षांचं वजन इथं उघड दिसतं. गिरणी आणि शेतकरी यांत ओढाताण झाली की दिल्लीचा हात आधी कुणीकडे जातो, हे दोन्ही रंगांच्या सरकारांत तपासण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट, अट वाचा. २००८ ची कर्जमाफी आठवा. ३१ मार्च २००७ पर्यंत वाटलेलं, ३१ डिसेंबर २००७ ला थकलेलं आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत न भरलेलं संस्थात्मक कर्ज. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफ. त्यावरच्यांनी ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट, आपल्यासारख्या पंतप्रधानांच्या विशेष पॅकेजच्या जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २० हजार, जे जास्त ते. पश्चिम महाराष्ट्रातल्या पाच बागायती एकरांना आणि यवतमाळच्या सात कोरडवाहू एकरांना एकच फूटपट्टी लावली. बागायतदार आत आला, कोरडवाहूवाला बाहेर राहिला. सावकाराचं कर्ज तर कुठंच नव्हतं. अकरा वर्षांनी, १ फेब्रुवारी २०१९ ला, रालोआ सरकारने पीएम-किसान जाहीर केली, वर्षाला ६ हजार, तीन हप्ते, आणि पुन्हा तीच दोन हेक्टरची अट. निवडणूक झाल्यावर ३१ मे २०१९ ला ती काढली. दोन सरकारं, दोन योजना, अट एकच. दावेदार म्हणाला ‘कर्जमाफी देऊ’, तर पुढचा प्रश्न हाच : कोणत्या तारखेपर्यंतचं, किती जमिनीपर्यंत, थकीतच की नियमित भरणाऱ्यालाही?

हमीभावाचंही तसंच. ‘दीडपट’ हा शब्द सगळेच वापरतात. कशाच्या दीडपट हे विचारा. २०२५-२६ ला मध्यम धाग्याच्या कापसाचा सरकारने धरलेला खर्च ५,१४० रुपये, हमीभाव ७,७१०. सोयाबीनचा खर्च ३,५५२, हमीभाव ५,३२८. गुणून पाहा, दीडपट बरोबर येते. पण हा खर्च म्हणजे बी, खत, मजुरी असा रोख खर्च आणि घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचं व्याज त्यात नाही. ते धरलेल्या खर्चाला सी-२ म्हणतात आणि तो बराच वर जातो. स्वामिनाथन आयोगाची ५० टक्क्यांची शिफारस २००६ ची. संपुआच्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात ती आली नाही. भाजपने २०१४ ला ५० टक्के नफ्याचं आश्वासन दिलं आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट आणली ती या कमी खर्चावर. काँग्रेसच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात हमीभावाच्या कायदेशीर हमीचं वचन होतं. रकान्यात तीनच शब्द लिहा : ‘सी-२ की कमी?’

आणि भाव जाहीर होणं वेगळं, काट्यावर मिळणं वेगळं. सीसीआय ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, पुढे १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे टक्का कापते, १२ च्या वर घेतच नाही. सोयाबीनला १२ टक्क्यांची मर्यादा. ती २०२४ ला एका हंगामापुरती १५ केली, पण आदेश निघाला १५ नोव्हेंबरला. विधानसभेचं मतदान २० ला होतं. दिवाळीआधी सोयाबीन विकलेल्याला त्याचा काय उपयोग?

बोडी
पऱ्हाटी, सगळं खरं, पण फळा पार वऱ्हाडाचा करून टाकलात. वैनगंगेच्या पट्ट्यात कापूस कोण पाहतं? भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यासाठी रकाना हा : बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात २० जुलै २०२३ ला बंद, २८ सप्टेंबर २०२४ ला खुली. मधला अख्खा एक खरीप बंदीत गेला. उकड्या तांदळावर ऑगस्ट २०२३ पासून २० टक्के निर्यात शुल्क होतं ते वेगळं. शहरात भात महागू नये म्हणून केलेला निर्णय होता. त्याची किंमत कोणी मोजली तेवढं लिहा.

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचे गुण मात्र कोणाला देऊ नका. १९८८ ला राजीव गांधींनी पायाभरणी केली. १९८३ चा अंदाज ३७२ कोटींचा होता. नंतर तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि राव, वाजपेयी, मनमोहन सिंग, मोदी अशी सगळ्यांची कारकीर्द त्या कालव्यांवरून गेली.

प्रश्नोत्तर_तास
हजेरीचं उत्तर राहिलंय. खासदारांची हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग पीआरएस या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतो, आणि मूळ प्रश्नोत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर. पण तुमच्या फळ्यावर हा रकाना उपयोगाचा नाही. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, पंतप्रधानही नाही. विरोधी पक्षनेत्यालाही सही करावी लागत नाही. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. एखादा मुख्यमंत्री दावेदार असेल तर तो लोकसभेतच नाही. म्हणजे मुख्य नावांपुढे रिकामी जागा किंवा शून्य येईल आणि कोणीतरी त्या शून्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर ‘एकही दिवस हजर नाही’ म्हणून फिरवेल. हा रकाना उमेदवारांच्या वेगळ्या फळ्यावर न्या, तिथं तो शोभतो.

यवतमाळ-वाशीमच्या खासदाराला तपासताना प्रश्नांची नुसती संख्या मोजू नका. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न चिठ्ठ्या टाकून निघतात, त्यामुळे संख्येत नशिबाचा भाग असतो. उत्तर उघडून वाचा. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं उत्तर असेल तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि आश्वासन समितीकडे जातं. त्याचा पाठपुरावा खासदाराने केला का, ते पाहा.

गुन्हे आणि संपत्तीसाठी नमुना २६ चं शपथपत्र. निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर ते मतदारसंघ निवडून उतरवता येतं. त्यात पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, सरकारी देणी, प्रलंबित खटले असतात. खटला लिहिताना नुसता ‘५ गुन्हे’ असा आकडा टाकू नका. कलम कोणतं आणि दोषारोप निश्चित झालेत का, हे दोन तपशील त्याच कागदावर असतात. रास्ता रोकोचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका आकड्यात मिसळले तर आंदोलन करणाऱ्याचाच आकडा फुगतो.

इथं एक फसगत होते. टप्पे वेगवेगळे असल्याने दावेदाराचं ताजं शपथपत्र आपल्या मतदानानंतर येऊ शकतं. २०२४ ला विदर्भाचं मतदान १९ आणि २६ एप्रिलला झालं आणि मोदींचा वाराणसीचा अर्ज भरला गेला १४ मे रोजी. तेव्हा मागच्या निवडणुकीचं शपथपत्र घ्या आणि त्यावर वर्ष लिहा.

जाहीरनाम्यांनाही तोच उशीर. भाजपचा जाहीरनामा २०१४ ला ७ एप्रिलला आला, आपलं मतदान १० ला. २०१९ ला ८ एप्रिलला, विदर्भातल्या सात जागांचं मतदान ११ ला. २०२४ ला १४ एप्रिलला, पूर्व विदर्भाचं मतदान १९ ला. काँग्रेसचा थोडा आधी येतो, २०१९ ला २ एप्रिल, २०२४ ला ५ एप्रिल. पाच दिवसांत गावात कोण वाचणार? मागचा जाहीरनामा आत्ताच लावा, त्यातली शेतीची वचनं एका रकान्यात, झालं-नाही झालं दुसऱ्यात. नवा आला की नुसती भर घालायची.

शिक्षण आणि घराणं हे दोन्ही रकाने पुसून टाका. त्यावरून कारभाराचं काही कळत नाही, भांडण मात्र हमखास.

चावडी
भिंतीबद्दल. आचारसंहिता लागली की सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या इमारतींवरून राजकीय मजकूर उतरवतात. ग्रामपंचायतीचं वाचनालय त्यात येतं. तुम्ही कितीही तटस्थ असा, ग्रामसेवकाला फळा पुसायला सांगितलं जाईल आणि त्याचं चुकणार नाही. घोषणेच्या आधी तिथं ठेवा, नंतर मालकाची लेखी परवानगी घेऊन खासगी जागेत न्या.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क नीट समजून घ्या. उमेदवाराला फायदा किंवा तोटा व्हावा म्हणून वाटलेल्या छापील कागदावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो, प्रकाशकाची दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेली घोषणा लागते. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाताने उतरवून काढलेली प्रत छपाई धरत नाहीत, पण झेरॉक्स धरतात. तुमचा तक्ता तुलनेचा आहे, प्रचाराचा नाही, असं म्हणता येईल. ते पटवत बसण्यापेक्षा झेरॉक्स वाटू नका. कोणाला हवा असेल तर वहीत उतरवून घेऊ द्या. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत तर फळा झाकूनच ठेवा.

पांदणवाट
फार उपयोग झाला. गुण आणि बेरीज काढली. आता डावीकडे निर्णय, पुढे तारीख, ‘तेव्हा शेतात काय’, मग अट. त्यापुढे प्रत्येक दावेदाराला एक उभा रकाना : त्याने तेव्हा काय केलं किंवा काय म्हटलं. कापूस, सोयाबीन, हमीभाव, कर्जमाफी, रेल्वे अशा पाच ओळी. धानाची ओळ बोडींनी शेजारच्या तालुक्यांसाठी लिहून द्यावी. एकच अडलंय : जो दावेदार कधी केंद्रात सत्तेत नव्हता, त्याच्या रकान्यात काय भरायचं? कोरा ठेवला तर त्याच्यावर अन्याय, भाषणातली वाक्यं भरली तर सत्तेत असलेल्यावर.

प्रश्नोत्तर_तास
भाषण भरू नका. तीन ठिकाणी शोधा. तो मुख्यमंत्री होता किंवा त्याच्या पक्षाचं कुठल्या राज्यात सरकार आहे, तर तिथल्या कर्जमाफीची अट आणि प्रत्यक्ष वाटप. राज्याच्या वित्तावरचे कॅगचे अहवाल उघडे मिळतात. तो खासदार असेल तर त्या निर्णयाच्या आठवड्यात सभागृहात काय बोलला, संसदेच्या संकेतस्थळावर तारखेनुसार कामकाज असतं. आणि निर्णयानंतर महिनाभरात त्याच्या पक्षाने लेखी काय मागणी केली. १९ ऑगस्ट २०२५ च्या शुल्कमाफीला कोणी विरोध केला, कोणत्या तारखेला केला आणि ‘परत लावा’ म्हटलं की नुसतं ‘निषेध’ म्हटलं, हे शोधायला अर्धा तास लागतो. काहीच सापडलं नाही तर रकाना कोरा ठेवू नका, ‘नोंद सापडली नाही’ असं लिहा.

पऱ्हाटी
आणि रेल्वेच्या ओळीत वर्धा-यवतमाळ-नांदेड लिहाल तर किलोमीटर लिहा. पूर्ण मार्ग २८४ किलोमीटरचा. २८ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं ते त्यातल्या वर्धा-कळंब टप्प्याचं. कळंब तुमच्या शेजारीच आहे, गाडी दिवसाला किती येते ते स्टेशनवर विचारून घ्या.